देवबागचं बुकिंग, ३०,०४८ रुपये आणि कोणाच्याच हद्दीत न बसणारी तक्रार

आकडा आधीच सांगते, म्हणजे "किती गेले?" हे कोणी विचारायला नको. ३०,०४८ रुपये. चार व्यवहार, पाऊण तासात, सगळे यूपीआयने, सगळे माझ्याच फोनवरून. मे २०२५. मालवणजवळच्या देवबागला चार रात्रींचं बुकिंग करताना फसले. जाणार होतो आम्ही दोघं आणि दोन मुलं, मोठी सात वर्षांची, धाकटा चार.

अशी फसवणूक कशी होते हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. खोटा नंबर, व्हॉट्सॲपवर फोटो, ॲडव्हान्स, मग फोन बंद. ते सगळं परत उगाळत नाही. आणि मी काही पहिल्यांदा घराबाहेर पडलेली बाई नव्हे. दोन वर्षांचं पोर कडेवर घेऊन माथेरानच्या शटलसाठी अमन लॉजच्या रांगेत उभी राहिले आहे, गणपतीपुळ्याच्या गर्दीत हरवलेली चप्पल आणि सापडलेलं मूल दोन्ही सांभाळून आणलंय. बुकिंगं नेहमी मीच करते.

मे महिन्यात कोकण रेल्वेचं कन्फर्म तिकीट मिळवायचं म्हणजे काय ते मुंबईत राहणाऱ्याला विचारा. आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं. मांडवीची तिकिटं मिळाली, धाकट्याला पाच पूर्ण नाहीत म्हणून त्याचं तिकीट नाही, मोठीला बर्थ हवा म्हणून पूर्ण भाडं. तिकिटं हातात आल्यावर राहायची सोय शोधायला घेतली. तारकर्लीचं एमटीडीसी भरलेलं. मग देवबागमधलं एक होमस्टे सापडलं, खाडी एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला, माडांची वाडी, झोपाळा. होमस्टे खरं आहे, आजही आहे. खोटा होता तो फक्त त्याच्या नावाखाली दिसणारा फोन नंबर. हे मला कसं कळणार होतं? फोटो खरे, अभिप्राय खरे, नकाशावरचा ठिपकासुद्धा खरा.

फोनवरचा माणूस हिंदी बोलत होता. त्यावरून आता सगळे मला शहाणपण शिकवतात. अहो, निम्म्या रिसॉर्टांचं बुकिंग आज हिंदीतच होतं, त्यावरून शंका घ्यायची तर घरीच बसावं लागेल. त्याने पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? "बच्चे कितने साल के हैं?" दुसरा, "ट्रेन का टिकट हो गया क्या मॅडम?" मला वाटलं, किती आपुलकीने विचारतोय. मुलांसाठी जादा गादी फुकट, सकाळी दूध मिळेल, खेळायला वाळूची बादली आहे. आता कळतंय की तो गिऱ्हाईक जोखत होता. लहान मुलं आहेत, तिकिटं निघालीत, शाळेच्या सुट्टीमुळे तारखा हलत नाहीत, म्हणजे या बाईला माघार घेता येणार नाही. एकटादुकटा मुलगा असता तर "नको, दुसरं बघतो" म्हणून मोकळा झाला असता. मुलांच्या वयावरून आणि तिकिटांवरून चौकशी सुरू झाली की फोन ठेवा. खरा मालक आधी तारीख विचारतो.

खोली ४,२०० रुपये रोज, चार रात्रींचे १६,८००, निम्मे ॲडव्हान्स. ८,४०० गेले. मग डॉल्फिन आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, "अभी बुक करो, बाद में नहीं मिलेगा," ३,६००. मग जीएसटी १८ टक्क्यांनी, ३,०२४. व्हाउचरची पीडीएफ आली, लोगो, शिक्का, सही, जीएसटी क्रमांक, सगळं.

इथे माझं डोकं आजही तडकतं. मी अकाउंट्समध्ये काम करते. दिवसभर माझ्यासमोर जीएसटीची बिलंच असतात. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो हे मी झोपेतही सांगेन. त्या व्हाउचरवरचा क्रमांक ०९ ने सुरू होत होता. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला १८ टक्के लागतच नाहीत, तेव्हा १२ होते. आणि वर्षाला वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या चार खोल्यांच्या घरगुती होमस्टेला बहुतेक वेळा जीएसटी नोंदणीच नसते. हे तिन्ही मला पाठ आहे. पण ऑफिसात बिल तपासताना कोणी माझी ओढणी ओढत नसतं. त्या क्षणी धाकट्याने दुधाचा कप सोफ्यावर उपडा केला होता, मोठी "झोपाळा दाखव ना" म्हणून फोन हिसकावत होती, आणि मी एका हाताने पुसत दुसऱ्या हाताने पिन टाकत होते. ज्यांच्या घरात लहान मुलं नाहीत त्यांनी कृपया मला एकाग्रतेवर भाषण देऊ नये.

एवढ्यावर थांबलं असतं तरी १५,०२४ वर निभावलं असतं. पण त्याआधी मी त्याला सहज विचारलं होतं, कुडाळ स्टेशनवरून कसं यायचं? तो म्हणाला, "दो किलोमीटर है मॅडम, पैदल भी आ सकते हो." कुडाळ ते देवबाग तीस किलोमीटरच्या वर अंतर आहे! मालवण ओलांडून पुढे जायचं. मी नकाशा उघडून बघितला होता, मला माहीत होतं. माझ्या मनात काय आलं असेल? की हा बिचारा मुंबईच्या ऑफिसात बसून बुकिंग घेत असेल, त्याला गावाची माहिती नसणार. म्हणजे चोराची सबब चोराने सांगायच्या आधी मीच तयार करून दिली. होडीचंही तेच. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत तिथली प्रवासी होडी आणि जलक्रीडा बंद असतात, आणि आमची तारीख २६ मे. देवबागच्या शेंबड्या पोराने सांगितलं असतं. म्हणून सांगते, बुकिंगच्या आधी समोरच्याला त्या गावचं काहीतरी विचारा. स्टेशन किती लांब, एसटी कुठे थांबते, ओहोटी कधी असते. पैशांबद्दल नंतर बोला.

मग शेवटचा घाव. "मॅडम, तीन टुकड़ों में आया है, सिस्टम एंट्री नहीं ले रहा. १५,०२४ एक साथ डालो, पहलेवाला दस मिनट में ऑटो रिफंड." आणि मी टाकले. हो, टाकले. तुम्ही हसाल. पण आधीचे पंधरा हजार अडकलेले असतात तेव्हा माणूस नवीन पैसे देत नसतो, जुने सोडवत असतो. पैसे पाठवताना ॲपवर नाव आलं ते होमस्टेचं नव्हतं, कुठल्या तरी ट्रेडर्सचं होतं. पिनच्या आधी दिसणारं ते नाव मोठ्याने वाचा, घरात कोणाला तरी ऐकवा. परतावा यायला पिन लागत नाही आणि पैसेही भरावे लागत नाहीत, कधीही नाही. त्याने तिसऱ्यांदा तेच मागितलं तेव्हा नवऱ्याने फोन काढून घेतला.

पाहुण्यांनी टाकलेल्या एका जुन्या फोटोत होमस्टेची पाटी होती, तिच्यावर खरा नंबर. फोन केला तर तिथल्या काकू म्हणाल्या, "आमचो नंबर तो न्हयच. पैसे कोणाक दिल्यात?" त्यांच्याकडे २६ तारखेला खोलीही शिल्लक नव्हती.

आता यंत्रणेचं ऐका. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लगेच फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, तेवढं नीट झालं. तुम्हीही वेळ घालवू नका, आधी १९३०, मग बाकी सगळं. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक जवळ ठेवा, स्क्रीनशॉट पुसू नका, रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. त्यानंतर बँक. "एक दाबा, नऊ दाबा" करून माणूस भेटला तर तो म्हणतो, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार धरता येत नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी त्याला वाचून दाखवलं, तर तो ते माझ्याहून चांगलं ओळखत होता, आणि दुर्दैवाने त्यात खरोखरच फक्त अनधिकृत व्यवहारांना संरक्षण होतं. ठीक. पण मग समोरच्या खात्याचं काय? ते खातं कोणी उघडून दिलं, केवायसी कोणी केलं? "ती दुसरी बँक आहे मॅडम." दुसरी बँक म्हणते, तुम्ही आमचे ग्राहक नाही.

पोलीस ठाण्यात गेले तर "सायबरला जा". सायबरला गेले तर "एवढ्या रकमेसाठी तुमच्या ठाण्यातच". परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. पुढच्या वेळी, स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का नाही. शिक्का आणला तर, गुन्हा घडला कुठे, तुम्ही ठाणे शहरात राहता, देवबाग सिंधुदुर्गात, खातं परराज्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ म्हणतं की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी ते छापून नेलं होतं. टेबलामागच्या माणसाने कागद पालथा घातला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. वर मला विचारतो, "मुलांना कशाला घेऊन आलात?" कुठे ठेवू? दोघांची शाळा बंद, सासूबाई गावी, रजा माझी संपत आलेली. एफआयआर नाहीच, अर्जाच्या प्रतीवर पोच मिळाली. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, तोंडी "बघतो" वर विश्वास ठेवू नका.

केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्येच पर्यटक आणि यात्रेकरूंना अशा खोट्या बुकिंगांबद्दल सावध केलं होतं, केदारनाथच्या हेलिकॉप्टरपासून हॉटेलांपर्यंत. सावध आम्ही व्हायचं, चोरांनी मात्र निवांत. सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर संशयित फोन नंबर आणि यूपीआय आयडी तपासायची सोय आहे, ती मला पैसे गेल्यावर कळली. तुम्ही आधी वापरा.

तिकिटं रद्द केली, कापून उरले तेवढे आले. मुलांना सांगितलं, तिथे पाऊस आलाय. पुढे खरोखरच २५ मेला मॉन्सून कोकणात उतरला, आणि आता नातेवाईक म्हणतात, "बरंच झालं, पोरं आजारी पडली असती." यांना काय बोलायचं?

३०,०४८ पैकी ६,२१० रुपये पुढच्या एका खात्यात गोठवलेत असं पोर्टलवर दिसतं. ते सोडवायला ती बँक पोलिसांचं पत्र आणि कोर्टाचा आदेश मागते, आणि पोलीस म्हणतात, आधी बँकेकडून लेखी आणा. बँकेला लेखी तक्रार दिली आहे, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार, चौकशीचा नंबर १४४४८. आणि त्या चोराचा नंबर अजून चालू आहे. फक्त डीपी बदललाय, आता महाबळेश्वरचं कुठलंसं कॉटेज आहे. दिवाळीच्या सुट्टीसाठी बुकिंग करताना "बच्चे कितने साल के हैं" असं कोणी विचारलं, तर त्याला सांगा, आधी तू सांग, वाई स्टँडपासून तुझं कॉटेज किती लांब?