पडून असलेल्या माणसासाठी केअरटेकर बाई : खेड्यात वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल. शहरातल्या एजन्सीच्या चोवीस तासांच्या अटेंडंटला पाचपैकी दोन, गावातल्याच सकाळी आठ ते पाच येणाऱ्या बाईला चार. वापर सीतादहीपासून (कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा) पुढच्या पेरणीपर्यंतचा, म्हणजे वेचणी आणि विदर्भाचा उन्हाळा दोन्ही त्यात आले. पेशंट लकव्याचा: उजवी बाजू गेलेली, लघवीची नळी लावलेली, जेवताना ठसका लागणारा.

एजन्सीची बाई शिकलेली असते, बीपी मोजते, पण खेड्यात टिकत नाही. परसातला संडास, दिवसाआड येणारं पाणी, संध्याकाळची शेवटची एसटी गेली की अडकल्यासारखं. बदली आली की पुन्हा पहिल्यापासून शिकवा. शिवाय चोवीस तासांची बाई चोवीस तास जागी नसते. तिलाही झोप लागते, आणि रात्री कूस बदलायला घरचंच माणूस उठतं. पैसे ठरवताना हे कोणी सांगत नाही.

गावातली बाई पंधरा दिवसांत तयार होते, मात्र नेमकं शिकवायला हवं. दर दोन तासांनी कूस: पाठ, डावी, उजवी. कुशीवर पूर्ण आडवं करायचं नाही. पाठीमागे उशी लावून 30 अंशांएवढं कलतं ठेवायचं, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पोटरीखाली उशी, टाचा अधांतरी. माकडहाडावर लाल चट्टा दिसला तर बोटानं दाबून बघायचं. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, लालच राहिला तर जखम सुरू झाली. गावात अशा वेळी खोबरेल घेऊन रगडतात, आणि आतून दुखावलेली कातडी आणखी बिघडते. उठवताना लकव्याचा हात ओढायचा नाही, खांदा सांध्यातून सरकतो. कमरेला दुपट्टा गुंडाळून तो धरायचा.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता. खाटेवरून खुर्चीत नेताना बाई हमखास ती पोटावर ठेवते आणि लघवी उलटी आत जाते. नळी बदलणं, इंजेक्शन, इन्सुलिनचा डोस कमीजास्त करणं बाईकडे नाही, ते सिस्टरकडेच. भरवताना ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. भाकर वरणात कुस्करलेली चालते, ठसका लागतो तो पातळ पाण्याचा. जेवण झालं की लकव्याच्या बाजूचा गाल बोटानं साफ करायचा, घास तिथंच साचतो. नंतर अर्धा तास तरी बसतं ठेवायचं.

पडून जखमा होऊ नयेत म्हणून पंपानं हवा भरायची एअर गादी घेतात. तिचा पंप फार वीज खात नाही, घरच्या इन्व्हर्टरवर चालतो. इन्व्हर्टर नसेल तर लाइट गेल्याबरोबर नळ्या पंपातून काढून दुमडून बांधायच्या, हवा काही वेळ टिकते. माकडहाडाखाली, गादीच्या तळाशी हात सरकवून बघायचा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. वरून जाड गोधडी टाकली तर गादी घेतल्याचा उपयोग नाही. मे महिन्यात रेक्झिनवर पाठ घामानं भिजते, म्हणून वर पातळ सुती चादर, आणि ओली झाली की लगेच दुसरी.

आता खरं अवघड. लोक म्हणतात, सून असून परकी बाई लावली. पेशंट म्हणतो, "परक्या बाईच्या हातानं नाही होनार माह्यानं." ह्यावर वाद घालून काही होत नाही, पायऱ्या लावाव्या लागतात. पहिला आठवडा बाईनं फक्त जेवण, औषध, सोबत. मग हातपाय पुसणं. डायपर आणि अंघोळ शेवटी, तेही सुरुवातीला घरचं माणूस सोबत ठेवून. पेशंट पुरुष असेल तर अंघोळीपुरता अर्ध्या तासाचा गडीमाणूस निराळा ठरवावा, निम्मा विरोध तिथंच संपतो.

दुसरी गडबड घरची. बाई कामाला लागते आणि सून तिच्या मागं उभी राहते. मग पैसेही जातात आणि थकवाही तसाच. दुपारचे दोन तास ठरवून सुनेनं घराबाहेर जायचं किंवा दार लावून झोपायचं. हाक फक्त तीन गोष्टींसाठी: ताप, चार तासांत पिशवीत लघवीच नाही, धाप किंवा ठसका थांबेना. मदत आल्यावर पहिले काही दिवस सांभाळणारीला उलट जास्त रडू येतं, चिडचिड वाढते. महिनोन्महिने दाबलेलं तेव्हा वर येतं. नेमक्या ह्याच दिवसांत "बाईमुळंच घर बिघडलं" म्हणून तिला काढून टाकतात. काढू नका. टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. मनावर ताण आलेल्या घरच्या माणसानंही तिथं फोन करावा.

एक गुण कापला तो हंगामाचा. वेचणी किलोवर असते, हात चालणारी बाई त्यात जास्त कमावते आणि तुमचं काम सोडते. त्यात तिची चूक नाही. सोयाबीनच्या सोंगणीआधीच बोलून घ्या: हंगामात अर्धा दिवस, रोजी वेचणीच्या हिशेबानं. दोन बायका शिकवून ठेवल्या तर उत्तम, एक रानात गेली तर दुसरी येते. वाचता येत नसेल तर वहीत कुशीसाठी बाण, लघवीसाठी थेंब, औषधासाठी गोल अशा खुणा ठरवा. संध्याकाळी घरच्यांनी फक्त रिकामे रकाने बघायचे.