दहा वर्षांचं ‘इंटरनॅशनल लायसन्स’ घेऊ नका

एजंट मराठीत बोलला, मला ‘काका’ म्हणाला, एवढ्यावर मी त्याला परदेशात गाडी चालवायच्या लायसन्ससाठी साडेनऊ हजार रुपये दिले. दांडिया बाजारात वाढलेल्या आम्हा लोकांना बडोद्यात कुणी मराठी बोलणारा भेटला की तो घरचाच वाटतो. त्याचाच त्याने फायदा घेतला.

आमचं जपानला जायचं ठरलं होतं. होक्काइदोत गाडी भाड्याने घेऊन मी चालवणार होतो. वाहनं तिथेही डावीकडूनच चालतात, त्यामुळे धीर होता. एजंट म्हणाला, “काका, आरटीओत खेटे कशाला घालता? आमचं लायसन्स दहा वर्षं चालतं.” आठवड्यात चकचकीत प्लास्टिकचं कार्ड घरी आलं. नागोयाला नोकरीसाठी निघालेल्या पुतण्यालाही मीच ते काढायला लावलं.

साप्पोरोच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट पाहिलं आणि एक तक्ता पुढे केला. त्यावर निरनिराळ्या देशांच्या परवान्यांचे फोटो होते. तिने ‘१९४९’ या आकड्यावर बोट ठेवलं. त्या वर्षीच्या जिनिव्हाच्या रस्ते वाहतूक करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवानाच जपानमध्ये चालतो, आणि आपल्याकडे तो आरटीओतून मिळतो. गाडी मिळाली नाही, बुकिंगचे पैसेही कापले गेले.

पण माझ्या पोटात गोळा आला तो पुतण्याच्या आठवणीने. तो तीन आठवडे सहकाऱ्याची गाडी त्याच कार्डावर चालवत होता! तिथल्या बाकावरूनच फोन लावला, म्हटलं, आहे तिथे गाडी उभी कर. जपानमध्ये विनापरवाना गाडी चालवली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होतो, आणि परवाना नाही हे माहीत असून गाडी देणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा आहे. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, काल पावसात शाळेजवळून गेलो होतो.” त्या रात्री मला झोप आली नाही. त्याला काही झालं असतं, त्याच्या हातून कुणाला काही झालं असतं, तर दादा-वहिनींना मी काय सांगणार होतो?

आता तो तिथलं लायसन्स काढतोय. भारतीय लायसन्सचं जपानी भाषांतर लागतं, लायसन्स मिळाल्यावर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा लागतो, वर परीक्षा.

यंदा पुन्हा निघालो तेव्हा मी आरटीओतूनच परवाना काढला. फॉर्म ४-ए, चालू लायसन्स, पासपोर्ट, तिकीट आणि १००० रुपये फी. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. कुणी तीन, पाच, दहा वर्षं सांगितली की तिथूनच उठा. परदेशात मूळ लायसन्सही जवळ ठेवा, नुसता हा परवाना पुरत नाही. पैसे ऑनलाइन दिले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मी परत येईपर्यंत थांबलो, तोवर एजंटाचं ऑफिस बंद झालं होतं.

पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत कार्डाची प्रत जोडलीय. कार्डाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय की हे केवळ लायसन्सचं भाषांतर आहे, सरकारी परवाना नाही.