टेन्स मशीन घेताय? आधी हर्ट्झचं बटण बघा

9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी, दोन चॅनेलची घरगुती टेन्स मशीन (त्वचेवर पॅड लावून सौम्य विजेच्या ठोक्यांनी वेदना कमी करणारी) वरून सारखीच दिसतात. ज्यावर फक्त गुडघा-कंबरेची चित्रं आहेत आणि हर्ट्झ (म्हणजे फ्रिक्वेन्सी, सेकंदाला किती ठोके) कुठेच लिहिलेले नाहीत, ते घेऊ नका. फ्रिक्वेन्सी आणि पल्सची रुंदी (मायक्रोसेकंदांत) वेगवेगळी बदलता येणारं मशीनच कामाचं. दुकानातच हाताला लावून बघा: 2 हर्ट्झला ठोके मोजता आले पाहिजेत, 100 ला सलग मुंग्या.

हर्ट्झवर एवढा भर का? बीजिंगच्या हान जीशेंग यांनी सुयांतून वीज देऊन दाखवलं, की 2 हर्ट्झला एन्केफॅलिन आणि बीटा-एंडॉर्फिन ही शरीराची स्वतःची वेदनाशामकं सुटतात, 100 ला मज्जारज्जूत डायनॉर्फिन. ही वीज मध्यमेंदूतून मेड्युलामार्गे (मेंदूच्या बुडख्यातून) मज्जारज्जूत उतरणारी, वेदना दाबणारी वाट वापरते; तीच वाट मॉर्फिनही वापरतं. म्हणूनच मॉर्फिनचा असर रोखणारं नॅलॉक्सोन दिलं की वीज आणि मॉर्फिन, दोघांचाही असर उतरतो. पॅडच्या टेन्सला सुईचे सगळे निष्कर्ष लागू होत नाहीत. पण कमी हर्ट्झचा असर मॉर्फिन जिथे जाऊन बसतं त्याच म्यू रिसेप्टरवर अवलंबून असतो, हे इथेही खरं. म्हणून त्याच रिसेप्टरवर चालणारं ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन बरेच दिवस चालू असेल, म्हणजे तो सरावलेला असेल, तर 2-4 हर्ट्झवर फार आशा ठेवू नका, 80-100 वर चालवा. गोळ्या मात्र मनानं बंद करायच्या नाहीत.

रोज तीच फ्रिक्वेन्सी, तोच जोर ठेवला की चार-पाच दिवसांत असर ओसरतो. दर 3 सेकंदांनी 2 आणि 100 आलटून-पालटून देणारा मोड असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. जोर सोसवेल इतपत, पण चांगलाच जाणवेल असा हवा; नुसत्या गुदगुल्यांनी काही होत नाही. अर्ध्या तासात संवेदना बोथट झाली की एक पायरी वाढवा. आणि हो, आधी कडक कॉफी नको: कॅफिन शरीरातल्या वेदना दाबणाऱ्या अ‍ॅडिनोसिनचे रिसेप्टर अडवतं, त्यानं टेन्सचा असर घटतो.

खरी रड पॅडची. सोबत येणारे पॅड पातळ असतात. त्वचेवर तेल राहिलं की कडा उचलतात, करंट उरलेल्या कोपऱ्यातून जातो आणि तिथे चटका बसतो. त्वचा आधी ओल्या फडक्यानं पुसा, पॅड काढताना वायर नाही तर कड धरा. जेल वाळलं तर पाण्याचा एक थेंब. तरीही चिकटला नाही तर फेकून द्या.

पेसमेकर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला तर कुणीच लावू नये.