लेजंड: सात महिने, तीन वसंत आणि एक मासा

भाच्याने दिवाळीत माझ्या फोनवर 'स्टारड्यू व्हॅली' टाकून दिलं. "मावशी, शेतीचा गेम आहे, डोकं शांत होईल," म्हणाला. शेतीपुरतं ते खरंही निघालं. मासेमारीबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नव्हता.

गेमची ओळख थोडक्यात. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने साडेचार वर्षं खपून तो बनवला आणि 2016 च्या फेब्रुवारीत आणला. फोनवर एकदा पैसे भरले की झालं, मध्ये जाहिराती नाहीत. ऋतू 28 दिवसांचा, आणि दिवस आपल्या घड्याळाने साधारण चौदा मिनिटांचा. मी लोकलमध्ये जाता-येता दोन दिवस उरकते. शेती, गुरं, खाण, गावातली माणसं यांबद्दल पुष्कळ लिहून झालंय, त्यामुळे मी फक्त एका माशाबद्दल लिहिणार आहे. माझा अर्धा खेळ त्यानेच खाल्ला.

त्याचं नाव लेजंड. डोंगरातल्या तळ्यात राहतो. फक्त वसंतात, त्यातही फक्त पावसाच्या दिवशी लागतो, आणि मासेमारीची लेव्हल 10 झाल्याशिवाय गळाकडे ढुंकूनही बघत नाही. गेम हे तुम्हाला बसवून समजावत नाही. माझा पहिला वसंत तर बांबूच्या काठीने चब आणि कार्प ओढण्यातच गेला. आजोळी पहिल्या पावसात शेतात चढणीचे मासे यायचे, त्यामुळे पाऊस पडला की मासा हे गणित मला आधीपासून पाठ होतं. लेव्हलचं गणित माहीत नव्हतं.

मासा लागला की डोक्यावर उद्गारचिन्ह येतं आणि एक उभी नळी उघडते. आत मासा वरखाली पळतो. आपली हिरवी पट्टी त्याच्यावर ठेवायची. बोट दाबलं की पट्टी चढते, सोडलं की पडते. शेजारची रेघ वरपर्यंत भरली की मासा आपला, तळाला गेली की गेला. ऐकायला सोपं आहे. पण पट्टीला वजन आहे, ती विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखी खाली येते आणि तळाला आपटून टप्पा खाते. त्या टप्प्यात माझे किती मासे गेले याची मोजदाद नाही. "मावशी, तू दाबत नाहीस, बडवतेस," हे भाच्याचं निदान. बोट रोवून ठेवण्यापेक्षा टिचक्या मारल्यासारखं टकटक करत राहिलं तर पट्टी हवेत तरंगते, हे हाताला कळायलाच दोन महिने गेले.

लेव्हल वाढते तशी पट्टी लांब होते, त्यामुळे सुरुवातीला मासेमारी जितकी छळते तितकी पुढे छळत नाही. पण नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात इतकं आखूड हत्यार देणं मला आजही पटत नाही. पुष्कळ जण तिथेच काठी पेटीत टाकून देत असणार. गावातल्या विली कोळ्याच्या दुकानात शिकाऊ काठी अवघ्या 25 नाण्यांना मिळते, लाज न बाळगता घ्या. तिच्यावर फक्त साधे मासे लागतात, पण पट्टी मोठी मिळते.

दुसऱ्या वसंतापर्यंत माझी लेव्हल 10 झाली. त्या वसंतात माझ्याकडे चारच दिवस पाऊस पडला. टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते खरं निघतं, एवढं सुख आपल्याला कुठलं! पाण्यात बुडालेल्या ओंडक्याच्या बाजूला गळ टाकत राहिले. बास, बुलहेड, भिजलेला पेपर, फुटका चष्मा. आणि मग एकदा मासा असा काही उसळला की पट्टी कुठे आणि तो कुठे! हाच तो, हे कळायला कुणी सांगावं लागत नाही. रेघ अर्धी भरली आणि फोन वाजला. इस्त्रीवाल्याचा. कपडे तयार होते.

भाचा म्हणाला, न झोपता गेम बंद कर आणि परत उघड, तोच दिवस पुन्हा मिळेल. ही पळवाट आहेच. मी दोनदा वापरली. दोन्ही वेळा लेजंड आला नाही आणि वर मनाला लागलं ते वेगळंच.

मग पावसाची वाट बघणं सोडलं आणि पाऊस पाडायची तयारी केली. गेममध्ये पावसाचा टोटेम बनवता येतो. त्याला एक कठीण लाकूड, पाइनचा पाच भांडी डिंक आणि एक बाटली ट्रफलचं (जमिनीखाली उगवणाऱ्या अळंबीचं) तेल लागतं. ट्रफल डुकरं उकरतात. एक डुक्कर 16,000 नाण्यांना. शिवाय ती पावसात आणि थंडीत गोठ्याबाहेर पडत नाहीत. म्हणजे पाऊस हवा तर आधी उन्हात डुकरं फिरवा! हा विनोद ज्याला सुचला त्याला माझा नमस्कार. टोटेम आज वापरला की उद्या पाऊस, पण 12 आणि 23 तारखेला त्याच्या भरवशावर राहू नका, दुसऱ्या दिवशी सण असतात.

तिसरा वसंत. तीन टोटेम, 7,500 ची इरिडियम काठी, तिला ट्रॅप बॉबर (पट्टी सुटली तरी रेघ सावकाश उतरते) आणि मासेमारी चार लेव्हलने वाढवणारं सीफोम पुडिंग. फोन फ्लाइट मोडवर. दुसऱ्या टोटेमच्या पावसात, दुपारी दोनच्या सुमारास तो लागला. तळाशी गेला की मी पट्टी तळाशीच बसू द्यायची, वर उडाला की टकटक. एकदा रेघ नखाएवढी उरली होती. समोर बसलेल्या बाईंनी "बरं वाटत नाहीये का?" असं विचारलं, मी मानेनेच नाही म्हटलं. वर आला तेव्हा विद्याविहार गेलं होतं, मला तिथेच उतरायचं होतं.

भाच्याने लगेच विचारलं, "विकलास का? अँगलर असशील तर साडेसात हजार येतात." (अँगलर म्हणजे मासे चढ्या भावाने विकता येण्याचं गेममधलं कौशल्य.) नाही विकला. पेटीत स्ट्रॉबेरीच्या बियांशेजारी ठेवलाय. गेममध्ये आता उन्हाळा लागलाय आणि पूर्वेच्या धक्क्यावर क्रिमझनफिश नावाचा असाच दुर्मीळ मासा असतो. त्याला पाऊस लागत नाही. बाहेर मात्र आजपासून धो धो सुरू झालाय आणि गाड्या वीस मिनिटं उशिरा आहेत.