डबल लॉक म्हणून खपवलेलं छप्पर

पाऊस सरळ पडला तर छप्पर गळायचं नाही. वारा सुटून सरी आडव्या झाल्या की मात्र वळचणीच्या बाजूला चार ठिकाणी टपटप सुरू. ठेकेदाराला फोन केला की तो माणूस पाठवायचा, माणूस सिलिकॉनची नळी घेऊन वर चढायचा, आणि पुढच्या वादळी पावसापर्यंत सगळं शांत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी दुसऱ्याच कारागिराला बोलावलं आणि त्याच्यामागोमाग शिडी चढलो. छप्पर होऊन दीड वर्ष झालं होतं. ते मी हाताच्या अंतरावरून तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या छपराचा उतार फुटाला जेमतेम इंचभर. घराचा आराखडाच तसा, त्यामुळे बदलायला वाव नव्हता. साधा पन्हळी किंवा चौकोनी उंचवट्यांचा पत्रा इथे चालणार नाही, हे ठेकेदारानेच सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं. त्यात एक पत्रा दुसऱ्यावर नुसता चढवलेला असतो आणि रबरी वॉशरचा स्क्रू पत्र्यातून आरपार जातो. म्हणजे जेवढे स्क्रू तेवढी भोकं. चांगल्या उतारावर पाणी थांबत नाही, म्हणून ते निभावतं. पण रबर उन्हात कडक होतंच, आणि सपाट छपरावर पाणी जोडात मागे सरकतं.

म्हणून स्टँडिंग सीम ठरलं. यात पत्र्याच्या दोन्ही कडा वर वळवलेल्या असतात. पाणी मधल्या सपाट भागातून वाहतं आणि जोड त्याच्या वर, इंच-दीड इंच उंच राहतो. स्क्रू पत्र्याला लागतच नाही, तो जोडाच्या आत लपलेल्या क्लिपला लागतो.

माझी फसगत झाली ती यापुढच्या पायरीवर. हा उभा जोड बंद करायच्या दोन रीती आहेत. एक स्नॅप लॉक: एका कडेला आकडा असतो, शेजारच्या पत्र्याची कड वरून दाबली की कट् असा आवाज येऊन बसते. मशीन लागत नाही, काम झटपट होतं. दुसरी रीत मशीनने दुमडायची. दोन कडा एकत्र धरून ९० अंशांत वळवल्या की सिंगल लॉक, आणि तीच घडी आणखी एकदा वळवून १८० अंशांपर्यंत नेली की डबल लॉक. आत सीलंटही भरतात. स्नॅप लॉकला साधारण फुटाला तीन इंच उतार हवा. इंचभर उतारावर डबल लॉकच हवं.

ठेकेदाराने मला वीतभर लांबीचा नमुना आणून दाखवला होता. अस्सल डबल लॉक, चापून बसलेली घडी, नख शिरणार नाही अशी. मी तो हातात घेऊन खूश झालो. रंग कोणता घ्यायचा यावर घरात आठवडाभर खल केला. छपरावर प्रत्यक्षात काय बसतंय हे बघायला मात्र एकदाही वर गेलो नाही.

नव्या कारागिराने वळचणीशी जोडाच्या उघड्या टोकाजवळ बसून काही न बोलता दोन बोटांनी कड वर उचलली. ती सुटली! आत आकडा दिसला. घडी एकही नव्हती. पूर्ण छप्पर स्नॅप लॉकचं. खालून अंगणातून पाहिलं तर दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, उभ्या रेघाच रेघा. तेवढ्यावरच ठेकेदाराने निभावून नेलं. नंतर शेजाऱ्यांनी सांगितलं की काम चालू असताना मशीनचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

पुढचं त्याहून वाईट. क्लिप पुरेशा नव्हत्या, म्हणून सपाट भागातून ठिकठिकाणी स्क्रू मारले होते आणि त्यांवर रंगाशी जुळणारं सिलिकॉन थापलं होतं. सिलिकॉन खरवडल्यावर दिसलं, भोकं गोल राहिलेली नव्हती, लांबट झाली होती. कारण साधं आहे. आमचा पत्रा १२ मीटर लांब. रात्रीच्या आणि भर उन्हातल्या पत्र्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक पडला तर पोलादाचा एवढा पत्रा सुमारे ७ मिलिमीटर वाढतो. सरकती क्लिप त्याला पुढेमागे होऊ देते. स्क्रूने जखडलेला पत्रा भोकच फाडत जातो. त्यावर सिलिकॉन किती दिवस टिकणार?

जाडीतही मला चुना लावला असेल असं वाटून मी कापलेला एक तुकडा मायक्रोमीटरने मोजला. ०.५० मिलिमीटर, ठरल्याप्रमाणे. पण त्यात ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा आणि रंग धरलेला असतो. मुलामा दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम असेल तर त्याचे सुमारे ०.०४ आणि रंगाचे ०.०३ वजा करा. पोलाद उरतं ०.४३. इथे तो खोटं बोलला नव्हता. जाडी नुसत्या पोलादाची की रंगासकट, हे मीच विचारलं नव्हतं.

आहे त्याच पत्र्यांवर मशीन फिरवून घेता येईल का, असं मी विचारलं. कारागीर हसला. स्नॅप लॉकच्या कडेचा आकारच वेगळा, तिला दुमडायला लागणारी जादा पट्टी नसतेच. पत्रे सगळे काढावे लागणार.

बिल घेऊन ठेकेदाराकडे गेलो. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘रंगीत लॉक पत्रा, बसवणुकीसह’. डबल हा शब्द कुठेच नव्हता, घडीचे अंश नव्हते, क्लिपमधलं अंतर नव्हतं, मशीनचा उल्लेख नव्हता. ‘लॉकच आहे ना साहेब,’ तो म्हणाला. नमुन्याचं विचारलं तर म्हणाला, तो नुसता दाखवायचा होता.

नवं काम सुरू झालंय. या वेळी कागदावर ‘१८० अंश, मशीनने, आत सीलंट, सरकत्या क्लिप, सपाट भागात एकही स्क्रू नाही’ असं लिहून घेतलंय, आणि नमुन्याच्या तुकड्यावर कारागिराची सही घेऊन तो माझ्याकडेच ठेवलाय. पहिले तीन जोड बंद झाले तेव्हा मी वरच होतो. तिन्हींच्या टोकाला नख घालून पाहिलं. कारागिराला ते आवडलं नाही.