सुरी घडवायला पहिला बेल्ट ग्राइंडर: १ बाय ३०, ४ बाय ३६ की २ बाय ७२?

गाडीच्या कमानपाट्याचा तुकडा लाल तापवून राखेत रात्रभर गार केला की तो कानशीला लागतो. पाते फळीवर दोन स्क्रूंनी आवळायचे आणि मोठी बास्टर्ड (जाड दातांची) कानस दोन्ही हातांनी ढकलत धारेचा उतार काढायचा. पहिल्या दोन-तीन सुऱ्या अशाच कराव्यात, हे माझे ठाम मत आहे. उतार दोन्ही बाजूंनी सारखा कसा ठेवायचा, ही नजर कानशीवरच येते. पण पुढे मनगटे दुखायला लागतात आणि बेल्ट ग्राइंडरची, म्हणजे मोटारीवर पळणाऱ्या सँडपेपरसारख्या पट्ट्यावर पोलाद घासायच्या मशीनची, शोधाशोध सुरू होते. पाच-सहा हजारांच्या खेळण्यासारख्या मशीनपासून लाखाच्या घरातल्या मशीनपर्यंत सगळे एकाच यादीत दिसते, आणि माणूस गोंधळतो.

निवड करताना आधी किंमत नको, बेल्टचे माप बघा. मापावर बाकीचे बरेच काही ठरते.

मापे इंचात असतात. १ बाय ३० म्हणजे २५ मिलिमीटर रुंद आणि ७६२ मिलिमीटर लांब. २ बाय ७२ म्हणजे ५० बाय १८२९. दोन्हींचे क्षेत्रफळ काढले तर मोठ्या बेल्टवर जवळपास पावणेपाच पट घासणारा भाग असतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा उष्णतेचा. बेल्ट सेकंदाला १५ मीटर वेगाने पळत असेल, तर छोट्या बेल्टचा प्रत्येक दाणा सेकंदाला सुमारे २० वेळा पोलादावर येऊन आदळतो, मोठ्याचा ८ वेळा. मधल्या वेळात त्याला वारा लागतो. मोठा बेल्ट जास्त टिकतो, कमी तापतो, आणि पाते वाचवतो.

पाते वाचवतो म्हणजे काय, ते एकदा जवळून बघितले की विसरत नाही. पाणी देऊन (लाल तापवून एकदम बुडवून कडक करून), मग ठिसूळपणा जावा म्हणून २०० अंशांच्या आसपास तापवून, म्हणजे टेंपर करून, तयार झालेले पाते तुम्ही शेवटच्या घासणीला घेता. धार आता पोस्टकार्डाइतकी पातळ झालेली असते. पाठ बोटांना कोमटच लागते, म्हणून वाटते सगळे ठीक आहे. तेवढ्यात टोकाजवळ गवती पिवळा रंग उमटतो, तो तपकिरी होतो, जांभळा होतो आणि बघता बघता निळा. दोन-तीन सेकंदांचा खेळ. निळा दिसला म्हणजे तिथले पोलाद ३०० अंशांच्या आसपास गेले आणि तेवढी धार मऊ पडली. बादलीत बुडवून ती परत येत नाही. एक तर तो भाग घासून काढून टाकायचा, नाहीतर पात्याला पुन्हा पाणी द्यायचे. माझी चौथी सुरी अशी गेली, आणि ती १ बाय ३० वरच गेली.

तरीही १ बाय ३० ला मी टाकाऊ म्हणणार नाही. बाल्कनीच्या कोपऱ्यात, स्टुलावर बसणारे हे एकच मशीन. घरातल्या विळी-सुऱ्या पाजवायला, मुठीचे कोपरे मोडायला, चामड्याचा पट्टा चढवून धारेवर शेवटचा हात फिरवायला ते फार छान. अडचण उतार काढताना येते. स्वयंपाकघरातल्या सुरीच्या पात्याची उंची ४० ते ४५ मिलिमीटर असते आणि बेल्ट २५ चा. मग एकाच उतारावर दोन पट्टे घासावे लागतात आणि त्यांच्या मधोमध रेघ राहते. मोटार बहुधा पाव ते तृतीयांश हॉर्सपॉवरची. जोर दिला की आवाज बसतो आणि बेल्ट थांबतो. बेल्टमागची सपाट पाटी, जिला प्लॅटन म्हणतात, ती माझ्या मशीनला पातळ पत्र्याची होती आणि महिन्याभरात मधोमध खोलगट झाली. एका दुकानदाराकडून मी ते मशीन न उघडता घेतले होते. तुम्ही घ्याल तेव्हा पाटीवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि मागून उजेड दिसतो का बघा. दिसला तर ६ मिलिमीटर जाड लोखंडी पाटी बनवून बदलून घ्या, फरक लगेच कळतो.

अशा मशीनवर महागडे सिरॅमिक बेल्टही चढवू नका. सिरॅमिकचा दाणा दाबाखाली फुटतो आणि नवी धार उघडी करतो, हाच त्याचा गुण. छोट्या मोटारीला तेवढा दाब सोसत नाही, दाणा फुटत नाही आणि बेल्ट गुळगुळीत होऊन नुसता तापतो. तिथे झिर्कोनिया किंवा साधा अॅल्युमिनियम ऑक्साइड बरा.

४ बाय ३६, सोबत ६ इंची डिस्क, हे मशीन सुतारकामाच्या दुकानात सर्रास मिळते आणि किमतीत मधले असते. डिस्कवर मुठीच्या फळ्या सपाट होतात, पात्याची पाठ सरळ होते. पण ते मुळात लाकडासाठी बांधलेले असते. बेल्ट १०० मिलिमीटर रुंद, त्यामुळे हाताचा दाब पसरतो आणि पोलाद हळू कापले जाते. उतार जिथे मुठीजवळ थांबतो ती रेघ नेटकी काढायला बेल्टची कड मोकळी लागते, आणि या मशीनवर बाजूची चौकट मध्ये येते. शिवाय लाकडाचा भुसा साठलेल्या मशीनवर पोलादाच्या ठिणग्या पडल्या की आत धुमसायला लागते. मशीन घरात आहेच तर वापरा. खास सुऱ्यांसाठी मी विकत घेणार नाही.

हातात धरायचा ७५ बाय ५३३ चा बेल्ट सँडर उलटा करून व्हाइसमध्ये आवळणारे लोक आहेत. अँगल ग्राइंडरला बसणारी बेल्टची जोडणीही मिळते. दोन्हींची मोटार बाहेरची हवा ओढते, हवेबरोबर लोखंडाची बारीक भुकटी आत जाते. चाचणीपुरते ठीक.

राहिले २ बाय ७२. बाहेरून तयार आणायचे तर महाग, हे खरे. पण आपल्याकडे एक सोय आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा कुठल्याही एमआयडीसीच्या कडेला टर्नर आणि फॅब्रिकेटर शेजारी शेजारी असतात. चौकोनी पाइपची फ्रेम, अॅल्युमिनियमची चार चाके, ६२०३ चे बेअरिंग, ताण द्यायला स्प्रिंग. चित्र काढून दिले की आठवड्याचे काम. माझा सगळा हिशेब मोटारीसह ३२,००० रुपयांवर थांबला. बेल्टचीही अडचण नाही. इथले विक्रेते रोलमधून हव्या त्या लांबीचा बेल्ट जोडून देतात. घेताना सांधा बघा. एकावर एक चढवलेला सांधा प्लॅटनवरून जाताना टक-टक करतो आणि पात्यावर लाटा उठवतो. टेपने समोरासमोर जोडलेला मागा.

मोटारीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच चुकीचे जातात. दीड हॉर्सपॉवर छंदाला भरपूर झाली. २८८० फेऱ्यांच्या मोटारीवर १०० मिलिमीटरचे चाक लावले की बेल्ट सेकंदाला १५ मीटर पळतो, १४४० च्या मोटारीवर त्याच्या निम्मा. जाडजूड धातू काढायला १५ हवा, पण पाणी दिलेल्या पात्याला आणि मुठीला ४-५ सुद्धा पुरतो. म्हणून वेग बदलता येणे ही चैन नाही, धार जळू नये म्हणून ती लागतेच. त्यासाठी व्हीएफडी नावाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लावतात. घरातली सिंगल फेज वीज घेऊन तो थ्री फेज मोटार हव्या त्या वेगाने फिरवतो.

इथे एक गोम आहे. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी साधारणपणे २३० व्होल्टच बाहेर देतो. आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटारी बहुधा ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेल्या असतात. स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती; २३० व्होल्टसाठी त्या डेल्टामध्ये बदलाव्या लागतात, आणि त्यासाठी टर्मिनलच्या डब्यात सहा तारा बाहेर आलेल्या हव्यात. तीनच असल्या तर वाइंडिंगवाल्याकडून मोटार उघडून घ्यावी लागते. दुकानातच डब्याचे झाकण काढायला लावा. मोटार पूर्ण बंद बॉडीची, बाहेरून पंखा असलेली घ्या. व्हीएफडी बंद पेटीत, ठिणग्यांच्या विरुद्ध बाजूला ठेवा, लोखंडी भुकटी त्याच्या सर्किटवर बसली की तो जातो. एवढे पैसे आत्ता नसतील तर ड्रिल मशीनला असते तशी तीन टप्प्यांची पुली बसवा आणि साधी सिंगल फेज मोटार लावा. पट्टा सरकवून वेग बदलायला मिनिटभर लागते, काम तेच होते.

कोणी काय घ्यावे? फ्लॅटमध्ये राहत असाल, खाली-वर शेजारी असतील, आणि वर्षाला दोन-तीन छोट्या सुऱ्या करायच्या असतील तर १ बाय ३० घ्या, उतार कानशीनेच काढा आणि मशीनवर फक्त साफ करा. ही जोडी मला मनापासून आवडते. पडवी, गोठ्याची मोकळी खोली, शेतावरची शेड असेल आणि कानशीवर तीन सुऱ्या करूनही हौस फिटली नसेल, तर मधले मशीन घेऊन पैसे अडकवू नका. पुढची सुरी कानशीवरच करा, पैसे जमवा आणि थेट २ बाय ७२ बांधून घ्या. फ्रेम आधी, साधी मोटार आधी, व्हीएफडी पुढच्या दिवाळीला. मी याच क्रमाने गेलो असतो तर पहिल्या मशीनचे पैसे वाचले असते.

कुठलेही घ्या, मास्क एन-९५ किंवा त्याहून वरचा, डोळ्यांना बंद चष्मा, हातात सुती मोजे नकोत, बेल्ट त्यांना ओढून नेतो. पोलादावरचा बेल्ट अॅल्युमिनियमला लावू नका, दोन्हींची भुकटी एकत्र पेट घेते. बादली इतक्या जवळ ठेवा की पाय न हलवता पाते बुडेल, आणि पाणी दिलेले पाते प्रत्येक घासणीनंतर बुडवा. टर्नरकडे चाके टाकाल तेव्हा वरचे चाक मधोमध किंचित फुगीर करायला सांगा, अर्धा-एक मिलिमीटर पुरते. त्या फुगीरपणामुळेच बेल्ट चाकाच्या मधोमध राहतो, आणि सपाट चाक करून आणले तर ते परत लेथवर चढवावे लागते.