युनियनची वकिली शिकवणारा सदाशिव पेठेतला वीकेंड क्लास : 5 पैकी साडेतीन

सनद हातात पडली की घरचे विचारतात सिव्हिल का क्रिमिनल, आणि कॉलेजात लेबर लॉ म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधून उरकायचा पेपर. त्यामुळे ज्याला खरंच कामगारांच्या, युनियनच्या केसेस करायच्यात त्याने जायचं कुठे हा प्रश्न असतोच. हा क्लास त्यांच्यासाठी. एक सीनियर वकील स्वतःच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवार घेतात, दोन महिने, फी 6,500. नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत. पार्किंगबद्दल काही बोलत नाही, सदाशिव पेठ आहे, बसने या.

आधी चांगलं. इथे कलमं पाठ करून घेत नाहीत, फाईल हातात देतात. नावं काळी केलेली एका कंत्राटी कामगाराची फाईल होती, पगाराच्या स्लिपा, ईएसआयसी कार्डाची झेरॉक्स, पीएफचं पासबुक आणि मोबाईलवर काढलेला गेटपासचा फोटो. सांगितलं, वर्षात 240 दिवस भरतात का बघा, तेवढे भरले तरच कायदा ती सलग वर्षभराची नोकरी धरतो. आम्ही सगळ्यांनी हजेरी जोडली, कुणाचे 212 तर कुणाचे 214, म्हणजे केस गेली असं वर्गात सगळ्यांचं मत झालं. सर म्हणाले, "अरे रविवार कुठे टाकलेत?" मग कळलं की ज्या रविवारचा आणि सुट्टीचा पगार मिळतो तो दिवसही धरायचा, अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या केसमधे सुप्रीम कोर्टाने 1985 ला हे सांगून ठेवलंय. परत जोडलं तर 240 च्या वर. आणि लगेच दुसरी बाजू, 240 भरले हे सिद्ध करायचं ओझं कामगारावर, नुसत्या अ‍ॅफिडेव्हिटवर भागत नाही, म्हणून तो गेटपासचा फोटो सोन्याचा. चाकण-भोसरीतला पोरगा सहा-सात महिने काम करतो, ब्रेक देतात, परत घेतात, त्याच्याकडे कागद म्हणून एवढंच असतं.

यूएलपीवर (अनुचित कामगार प्रथा), म्हणजे त्या रोखणाऱ्या 1971 च्या महाराष्ट्राच्या एमआरटीयू-पीयूएलपी कायद्यावर, तीन आठवडे दिले आणि ते पूर्ण वसूल. वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवून परमनंटचे फायदे नाकारणं, करार करून न पाळणं, हे कुठल्या शेड्यूलच्या कुठल्या आयटममधे बसवायचं, तक्रार 90 दिवसांत करायची आणि उशीर झाला तर कारण कसं मांडायचं (कामगार आपल्याकडे येतो तेव्हा 90 दिवस बहुतेक उलटलेलेच असतात, आधी तो साहेबांच्या, मग कॉन्ट्रॅक्टरच्या, मग नगरसेवकाच्या पाया पडून आलेला असतो). अंतरिम आदेशाचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा, अर्ज प्रत्येकाकडून लिहून घेतला आणि लाल पेनने फाडला. माझ्या अर्जावर फक्त "तुला नेमकं काय हवंय?" एवढंच लिहिलेलं, त्या एका ओळीत फी वसूल झाली असं म्हणायला हरकत नाही.

आणि उगाच हवेत ठेवत नाहीत. आपल्याच पुण्याच्या कल्याणी स्टील्सच्या कॅन्टीन कामगारांची केस घेतली होती, 2001 ची. कंपनीने ही आमची माणसंच नाहीत म्हटलं की आधी तो वाद औद्योगिक विवाद कायद्याखाली मिटवा, नातं वादात असताना यूएलपीची तक्रार टिकत नाही असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. हे माहीत नसलेला नवा वकील कंत्राटी कामगारांची तक्रार उत्साहात टाकतो आणि पुढची काही वर्षं मेंटेनेबिलिटीवरच, म्हणजे तक्रार मुळात चालते का यावरच, घालवतो.

सगळ्यात भारी लेक्चर मात्र एका रिटायर्ड एचआरवाल्या काकांचं. मॅनेजमेंट डोमेस्टिक इन्क्वायरीची, म्हणजे कामगाराविरुद्धच्या कंपनीच्या अंतर्गत चौकशीची, फाईल कशी बांधत आणते, आधी दोन-तीन किरकोळ मेमो, मग शो कॉज, मग चार्जशीट, ते त्यांनी इतकं मोकळेपणाने सांगितलं की वर्गात चिडीचूप. किरकोळ मेमोला पण उत्तर द्यायला लावा, कामगार "जाऊ दे साहेब" म्हणतो तिथेच तुमची केस बुडते, असं ते म्हणाले.

आता बोंब. लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केंद्राने केलेले चार नवे कायदे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कोड लागू झालेत आणि इथे त्यावर एकच रविवार, तोही एका बाहेरच्या मॅडमनी पीपीटी वाचून दाखवली. संपाला 14 दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना, बोलणी करणाऱ्या युनियनला 51 टक्के मेंबर, ले-ऑफ (तात्पुरती कामबंदी), कपात आणि क्लोजरला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा केंद्राच्या जुन्या कायद्यातल्या 100 कामगारांवरून 300 वर, हे स्लाईडवर मलाही वाचता येतं. चाकणमधल्या दीडशे-दोनशे माणसांच्या व्हेंडर कंपनीत याचा अर्थ काय होतो त्यावर चर्चा हवी होती, ती झालीच नाही. दिलेल्या नोट्स तर अजून जुन्याच, फक्त कव्हर नवीन.

दुसरं म्हणजे पैसे. हा विषय आला की सर हसतात आणि चहा मागवतात. निकालाच्या रकमेत टक्का घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही हे स्वच्छ सांगितलं, ते बरंच झालं, पण मग जगायचं कसं? युनियनचं रिटेनर, म्हणजे कायमच्या वकिलाची बांधलेली फी, मिळायला वर्षं जातात, एकटा कामगार फी हप्त्याने देतो, ती पण कामावर परत घेतला तर. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत विधी सहाय्य मिळतं, 1987 च्या कायद्यात आहे, त्यासाठीच्या वकिलांच्या पॅनेलवर नाव कसं लावायचं हे मला क्लासमधे नाही, खाली चहाच्या टपरीवर एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं. कामगार-मालकात तडजोड घडवणाऱ्या सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर वकिलाला उभंच राहता येत नाही, तिथे युनियनचा पदाधिकारीच बोलतो, म्हणजे कामाचा मोठा भाग मागे बसून मागणीपत्र आणि कराराचा मसुदा लिहिण्याचा. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, कोर्टात गरजायच्या स्वप्नाने आलेली दोघं-तिघं मधूनच गळाली.

नुसतं सर्टिफिकेट हवं असेल तर जाऊ नका, त्याला कोणी विचारत नाही. एचआरची नोकरी बघणाऱ्यांनाही फार उपयोग नाही. पण एखाद्या युनियनच्या ऑफिसात बसायची तयारी असेल, किंवा आधीच कुणा सीनियरकडे फायली वाहताय आणि त्यात काय आहे ते कळत नाहीये, तर डोळे झाकून लावा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, फी वाढणार म्हणतात. दोन हप्त्यांत भरू का असं विचारा, बोर्डावर लिहिलेलं नाही पण देतात. आणि नव्या कोडच्या नोट्स आधी मागून बघा.